दोन घरांचं पीठ

माझं नाव सुवार्ता. आजोबांनी ठेवलं. नाव सुवार्ता ठेवायचं आणि मग उठता-बसता "पोरी, जरा तोंड मिट" म्हणायचं, हा काय न्याय झाला? त्यात यंदा जानेवारीत धुळ्याला शाळांच्या वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली आले, तेव्हापासून तर तोंड मिटणं फारच अवघड झालं. दोंडाईच्याला एस.टी.तून उतरले ती ढाल छातीशी धरूनच. टांगेवाल्यानं नुसतं विचारलं, "काय जिंकनी वं ताई?" आणि मी त्याला ख्रिस्ती वाडी येईपर्यंत अख्खं भाषण ऐकवलं. घोडासुद्धा हळू चालत होता. मला वाटलं, ऐकतोय.

हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं ते ह्याच तोंडानं झालं.

वाडीच्या दोन टोकांना आमची दोन घरं. अलीकडे आम्ही: नाना म्हणजे माझे वडील, आई आणि मी. नाना सरकारी दवाखान्यात कंपाउंडर आणि आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पंच. अभिमनभाऊ असं त्यांचं नाव निघालं की लोक बोलता बोलता आवाज खाली आणतात. पलीकडच्या टोकाला सुपडूकाका, नानांचे धाकटे भाऊ, आणि धुरपदाकाकू. काका मिरचीच्या वखारीत हमाल आहेत. त्यांच्या शेजारी बसलं की आधी शिंक येते, मग हसू. त्यांना मूलबाळ नाही, त्यामुळे मी अर्धीअधिक त्यांच्याच ओट्यावर मोठी झाले. दोन्ही घरांच्या मधोमध पुखराजशेठची पिठाची गिरणी. तिचा पट्टा फटफटायला लागला की वाडीत कुणाचं कुणाला ऐकू येत नाही.

भांडण झालं ते नाताळच्या दिवशी, भर उपासनेत. काकांनी येशूच्या जन्मावर आपल्या अहिराणीत एक गाणं रचलं होतं. ढोलकी घेऊन उभे राहिले. पहिल्या कडव्याला बायका हसल्या, दुसऱ्याला सगळे डुलायला लागले. मी तर टाळ्याच धरल्या. तेवढ्यात नाना उठले.

"सुपडू, बस कर. हे प्रार्थनामंदिर आहे, तमाशा नव्हे."

ढोलकी थांबली. ती ढोलकी आजोबांची. बाप्तिस्मा घेण्याआधी आजोबा तमाशाच्या फडात वाजवायचे. फड त्यांनी सोडला, ढोलकी सोडली नाही. वाडीत हे प्रत्येकाला ठाऊक, पण तो शब्द आजवर आमच्या दारात कुणी उच्चारला नव्हता. उच्चारला तो त्यांच्या थोरल्या मुलानंच. काकांनी ढोलकी उचलली, चपला घातल्या आणि निघून गेले. त्या दिवसापासून ते उपासनेला यायचे, पण दाराबाहेर, घंटेखाली उभे राहायचे. प्रभुभोजनाची भाकर घ्यायचे नाहीत. आमच्या मंडळीची रीतच आहे, ज्याचं भावाशी वाकडं आहे त्यानं आधी समेट करायचा, मग भाकरीला हात लावायचा. काकांनी ती पाळली. नाना मात्र भाकर घ्यायचे. "माझ्या मनात त्याच्याबद्दल काही नाही," म्हणायचे.

आता आमच्या भाकरीबद्दल सांगते. इतर मंडळ्यांत प्रभुभोजनाला पाव असतो, कुठे कुठे पोळी. आमच्याकडे भाकर. ज्वारीची, तव्यावर भाजलेली, चांगली पापुद्रा सुटलेली. आजोबा म्हणायचे, प्रभूनं भाकर मोडली असं आपण म्हणतो ना, मग पाव कशाला? दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एकेका घराची पाळी; ती लावतात आमचे पाद्री, पाळकसाहेब. आणि ज्या घरातले भाऊ वेगळे राहतात त्यांनी आपापलं पीठ आणून एका परातीत मळायचं, एकच भाकर थापायची. आमचं पीठ दादर ज्वारीचं, पांढरंशुभ्र. काकूकडे बारा महिने कळणा, म्हणजे ज्वारीत सालासकट उडीद घालून दळलेलं, काळपट आणि भरडं. त्यामुळे आमच्या पाळीची भाकर ठिपक्याठिपक्यांची व्हायची. लोक लांबून ओळखायचे.

मार्चमध्ये आमची पाळी आली.

शनिवारी दुपारी नाना दवाखान्यातून आले आणि टोपी खुंटीला लावता लावता आईला म्हणाले, "सुपडूकडून पीठ आलं तर ठीक. नाही आलं तर उद्या पाळकसाहेबांना सांगून टाकतो, आमचं घर दोन झालं. पाळ्या वेगळ्या लावा."

"असं कसं हो बोलता?" आई म्हणाली आणि पदर तोंडाशी नेला.

"मग तू जा मागायला."

"मी जाते!" मी म्हटलं. "आई, वाटी दे. बोलून आणते की नाही बघ. ढाल काय मला फुकट मिळाली?"

काका ओट्यावर बसून पोत्याला लावायच्या आकड्याला धार करत होते. मला पाहून हसले. "ये वं सुवार्ता. आज काय भाषन?"

मी वाटी मागे लपवली आणि सुरुवात केली. शरीर एक, अवयव अनेक. हात पायाला म्हणेल का, तुझी मला गरज नाही? मी हात केला, पाय आपटला, शेवटी आवाजसुद्धा कापरा केला. धुळ्यात ह्या ठिकाणी टाळ्या पडल्या होत्या. काकांनी आकडा बाजूला ठेवून सगळं ऐकलं.

"भारी बोलनी," ते म्हणाले. "आते माले सांग. तुले धाडं कोनी?"

"आईनं."

"आनि बापनी?"

"नानांनी... नको म्हटलं नाही."

काकांनी आकडा पुन्हा हातात घेतला. मग म्हणाले, "तुना बापले सांग, सोता ये म्हना. एक डाव ह्या ओटावर येवो. मंग पीठ काय, बठ्ठी कोठी उघाडी देसू."

म्हणजे नानांनी स्वतः यायचं, मग अख्खी कोठी उघडी. एवढंच. पीठ नाही असं काका म्हणालेच नव्हते.

काकू आतून आली, माझ्या हातात गुळाचा खडा ठेवला, वाटीकडे बघितलं आणि परत चुलीपाशी गेली.

मी निघाले. हातात रिकामी वाटी. धुळ्यात पहिली आलेली सुवार्ता, आणि तिची वाटी रिकामी! निरोप नानांना सांगितला तर ते काय म्हणतील, ते मी चालता चालता स्वतःच ठरवून टाकलं. नाना जाणारच नाहीत. टोपी पुन्हा डोक्यावर चढवतील, पाळकसाहेबांकडे जातील आणि आमचं घर दोन होईल. मग सांगायचंच कशाला? नानांना मी विचारलंसुद्धा नाही, त्यांच्या वतीनं मीच उत्तर दिलं.

गिरणीपाशी चिंधाभाऊंनी हाक मारली. गिरणी तेच चालवतात. भुवयांपासून पायापर्यंत पांढरे. "काय वं भाषनवाली, वाटी लिसन कथी चालनी? तुमना डबा दळाई गया. लई जाय ना."

आमचा डबा! सकाळी आईनं दळायला दिलेला, दादरचा. चिंधाभाऊंनी झाकण उघडलं. पीठ अजून कोमट होतं. मी म्हटलं, "डबा नाना नेतील. मला आत्ता वाटीभर द्या." त्यांनी वाटी शिगोशीग भरली, वर बोटानं सारखी केली.

मी खोटं बोलले ते इथे नाही. इथे मी फक्त आमचंच पीठ घेतलं. हे मी स्वतःला घरी पोचेपर्यंत समजावलं.

"दिलं?" आई दारातच उभी होती.

"दिलं!"

तिनं वाटी दोन्ही हातांनी घेतली. मग पिठाकडे बघून थांबली. "अगं, हे तर पांढरं आहे. कळणा नाही?"

"काकू म्हणाली, पवित्र भाकरीला म्हणून मुद्दाम दादरचं देते." हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सफाईदार निघालं की मलाच कौतुक वाटलं.

आई मटकन खाली बसली. "बघ. वर्षभर स्वतः कळणा खाते आणि आपल्याला..." तिचे डोळे भरून आले. तिनं घरात उरलेलं मागच्या दळणाचं पीठ परातीत घेतलं, वर ते वाटीतलं घातलं आणि मळायला बसली. दोन्ही पीठं एकाच पोत्यातली. परातीत पडल्यावर कुठलं कुठलं, ते देवालाच कळलं असेल.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांनी भाकर दोन्ही हातांत धरून वर उचलली. एवढी पांढरी भाकर आमच्या पाळीला कधी झाली नव्हती. "बंधुभगिनींनो," ते म्हणाले, "ह्या एका भाकरीत दोन घरांचं पीठ आहे. नाताळपासून आपण ज्यासाठी प्रार्थना करत होतो, ते देवानं केलं." कुणीतरी "हालेलुया" म्हणालं. मी मागे वळून पाहिलं. घंटेखाली काका ताठ उभे होते. ते काकूकडे बघत होते.

बायकांच्या बाजूला ताट आलं. नवऱ्याचं भांडण म्हणून काकूनं भाकर घेणं कधी सोडलं नव्हतं. तिनं तुकडा घेतला, तोंडात टाकला आणि तिचं तोंड हलायचं थांबलं. तिनं आईकडे पाहिलं. आई तिच्याकडे बघून रडत हसत होती. काकूनं मान खाली घातली.

मी ते पाहिलं. पाहिलं आणि पुढचं गाणं मोठ्यानं म्हणायला लागले.

आशीर्वाद झाल्याबरोबर नाना उठले आणि सरळ दाराकडे गेले. त्यांना असं भराभरा चालताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी काकांना मिठी मारली. "सुपडू, तू मन मोठं केलंस रे," म्हणाले, आणि लगेच शिंकले. वखारीतली मिरची! सगळी मंडळी हसली, रडली, पुन्हा हसली. काकांचे हात लोंबत होते. बऱ्याच वेळानं त्यातला एक नानांच्या पाठीवर गेला.

प्रमिलाबाई, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नी, माझी हनुवटी धरून म्हणाल्या, "नाव सार्थ केलंस गं. उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी आपली समेटाची सभा असते ना, तिथे तूच साक्ष दे. वाटीभर पिठानं देवानं घर कसं जोडलं ते सांग. तुझ्याइतकं छान कोण बोलणार?"

मी "हो" म्हटलं. उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, अजून लांब होता. खरं सांगते, त्या दिवशी मला काहीच टोचलं नाही. मी खूश होते. रात्री अंथरुणात साक्षीचं पहिलं वाक्यसुद्धा तयार केलं.

नाना बदलले. दाढी करताना गुणगुणायला लागले. बाजारातून मोठी वांगी आणली, आईकडून भरीत करवलं आणि मला म्हणाले, "गरम आहे तोवर सुपडूकडे दे. त्याला तिखट आवडतं." मी पातेलं घेऊन उड्या मारतच गेले. ओट्यावर चढणार, तर आतून आवाज आला.

"पीठ देनं व्हतं तं माले सांगीसन देती," काका म्हणत होते. "मन्हा माघे कसाले?"

"मी दिधं नही," काकू म्हणाली.

"मंग आभायमाईन पडं का? बठ्ठी मंडळी आयकी ऱ्हायनी व्हती, सुपडूना घरनं पीठ! घरधनीले माहीत नही नि बठ्ठास्ले माहीत!"

"मी दिधं नही."

"खोटं नको बोलू वं. तुना तोंडतीन मी आजलोंग खोटं आयकेल नही."

मग आत भांडं सरकवल्याचा आवाज. मी पातेलं ओट्यावर ठेवलं आणि पळाले. पळताना चप्पल तुटली, ती तशीच हातात घेतली.

आता मला कळलं. काकांना वाटत होतं, आपण पोरीला परत धाडलं आणि बायकोनं मागच्या दारानं पीठ दिलं. चारचौघांत भावानं मिठी मारली, तेव्हा "माझ्या घरचं पीठ नाही" असं ते म्हणू शकले नाहीत. नानांनी स्वतः यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि ते कुणी ऐकलंच नव्हतं. मी एक घर जोडायला गेले आणि जे धड होतं ते मोडून आले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी काकूकडे गेले. ती सुपात उडीद पाखडत होती. तिचं तोंड उतरलेलं होतं. मी शेजारी बसले. आत्ता सांगते, आत्ता सांगते, असं करत म्हटलं काय, तर, "काकू, तू काकांना सांग ना, की पीठ तुझं नव्हतं."

तिचे हात थांबले. "तुले कसं माहीत?"

मी सुपातला एक खडा वेचला. तिनं माझ्याकडे बघितलं, पण माझ्यावर तिचा संशय गेलाच नाही. तेच मला आता सगळ्यात जास्त लागतं. ती म्हणाली, "भाकर मी खादी ना. मन्हा हातना कळना मन्ही जीभ वळखत नही का? त्यामा कळना नव्हताच. पन सांगू काय? अक्कानी खोटं सांगं, आसं सांगू? तुनी मायनी भाऊ-भाऊ एक व्हवाले करं व्हई. दोन भाऊ एक जागावर उनात. त्यास्ले परत तोडू?" तिनं सूप पुन्हा हलवलं. "बोलू दे तुना काकाले. मी आयकी लिसू."

म्हणजे काकूला वाटत होतं, खोटं तिची अक्का, माझी आई बोलली. आणि जावेची अब्रू राहावी म्हणून ती नवऱ्याकडून खोटारडी म्हणवून घेत होती. आणि घरी आई शेजारणींना सांगत होती, आमची धुरपदा किती मनाची मोठी! दोघी एकमेकींना सांभाळत होत्या आणि मधे मी बसले होते, उडदाचे खडे वेचत.

"काकू, मी..." मी म्हटलं.

"काय वं?"

"काही नाही. अभ्यास आहे."

टांगेवाल्याला, घोड्याला भाषण ऐकवणारी मी! "मी केलं" हे दोन शब्द तोंडातून निघेनात. रात्री जेवताना आई विचारायची, बरं नाही का? नाना कपाळाला हात लावून बघायचे. मी म्हणायची, परीक्षा जवळ आली ना. दहावीच्या परीक्षेच्या नावावर मी आणखी किती खोटं खपवलं, त्याला मोजमाप नाही. प्रमिलाबाई भेटल्या की विचारायच्या, "साक्ष तयार?" आणि मी मान डोलवायची.

समेटाची सभा आमच्याकडे दिवस मावळायच्या आत होते. सगळे येतात, ज्यानं त्यानं आपलं काय चुकलं ते सांगून माफी मागायची. त्या दिवशी एकानं शेजाऱ्याच्या शेळीला दगड मारल्याचं सांगितलं, एकीनं सासूला उलटून बोलल्याचं. मग पाळकसाहेब म्हणाले, "आता एक आनंदाची साक्ष. आपली सुवार्ता बोलेल."

मी पुढे गेले. समोर आई, तिच्या शेजारी काकू. पुरुषांच्या बाजूला पहिल्या रांगेत नाना, हात बांधून, माझ्याकडे बघून हसत. काका अजूनही दाराबाहेर, घंटेखाली. मिठीनंतरही ते आत आले नव्हते. नाना सगळ्यांना सांगायचे, "त्याला तिथे वारा लागतो म्हणून."

"अध्यक्ष महाशय," सवयीनं माझ्या तोंडून निघालं. दोन-चार जण हसले. ते शेवटचं हसू.

तयार केलेलं पहिलं वाक्य आठवत होतं, चांगलं स्वच्छ आठवत होतं. ते बाजूला सारायलाच वेळ लागला. मी काकांकडे बघितलं आणि काकांच्याच शब्दांत बोलले, कारण माझे शब्द मला कुठे सापडेनात.

"'तुना बापले सांग, सोता ये म्हना.' नाना, हा निरोप काकांनी तुमच्यासाठी दिला होता. पीठ मागायला गेले तेव्हा. मी तुम्हाला दिलाच नाही."

नानांचे बांधलेले हात सुटले.

"त्यांनी पीठ दिलं नव्हतं. तुम्ही आलात तर कोठी उघडून देतो म्हणाले. मी आपल्याच डब्यातलं पीठ गिरणीतून घेतलं आणि काकूचं म्हणून आईला दिलं. आईला माहीत नाही. काकूनं काहीच दिलं नाही, ती काकांना खरंच सांगत होती. ती भाकर एकाच घराची होती."

आणखी काहीतरी म्हणायचं होतं, माफ करा वगैरे. ते आलं नाही. बाहेर गिरणीचा पट्टा फटफटत होता, तो मधेच थांबला.

नाना उठले. माझ्याकडे न बघता चालत गेले, दारातून बाहेर, काकांच्या अगदी जवळून, आणि वाडीकडे निघून गेले. मला वाटलं, झालं, आता आमचं घर दोन नाही, तीन-चार होणार. पाळकसाहेब "प्रार्थना करू या" म्हणाले, डोळे मिटले. शेवटी "आमेन" तेवढं म्हणाले.

वाटेनं आई, काका, काकू आणि मी एका ओळीत चाललो होतो. आई मला रागावली नाही. तिनं फक्त विचारलं, "मुद्दाम दादरचं देते, असं काकू म्हणाली होती ना गं?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"तेवढं तरी खरं असेल असं मला वाटत होतं," आई म्हणाली. ह्याच्यापेक्षा तिनं थोबाडीत दिली असती तर चाललं असतं.

आमचं घर आलं. दार उघडं, आत कुणी नाही. आई बाहेरच थांबून म्हणाली, "पुढे चल." काकांच्या घरापाशी आलो, तर ओट्याच्या खाली नाना उभे. दाराला कडी, घरचे सगळे सभेला, त्यामुळे बिचारे तसेच ताटकळत होते. डोक्यावर टोपी, हातात रिकामी वाटी. शेजारच्या दारांतून बायका डोकावत होत्या.

काका थांबले. "काय पाहिजे, भाऊ?"

"पीठ."

"निरोप धाडा व्हता मी."

"आज मिळाला."

नाना वाटी ह्या हातातून त्या हातात घेत राहिले. माझे नाना म्हणजे दवाखान्यात येणाऱ्या खेड्यातल्या म्हातारीशीसुद्धा पुस्तकासारखं बोलणारे. ते अहिराणी बोललेले मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"मी चुकनू, सुपडू," ते म्हणाले. "त्या दिवशी तो शब्द मी तुले नही बोलनू. बापले बोलनू."

काकांचा चेहरा हलला. त्यांनी आपल्या बंद दाराकडे बघितलं; आत खुंटीला ती ढोलकी फडक्यात बांधून टांगलेली होती. मग काकूकडे वळले. "धुरपदा, मी तुले..."

"आयकं मी," काकू म्हणाली. कडी काढता काढता, पाठमोरीच. "आते कोठी उघाडा. पीठ मी नही देनार. तुम्हीच द्या, आपला हातथून, बठ्ठास्ले दिसू द्या. नही तं उद्या परत माले इचारशात."

शेजारची एक बाई फिसकन हसली. काका कानाला हात लावून आत गेले. आतून त्यांचा आवाज आला, "आवं, पीठ तं सरनं. दळनं पडी!"

काकूनं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "ये," म्हणाली. "जातावर बस."

गिरणीवाले उडीद मिसळलेलं दळून देत नाहीत, म्हणून कळणा अजून जात्यावरच निघतो. मी खुंटा धरला. समोर काकू बसायची तेव्हा तो खुंटा किती हलका फिरायचा! आज ती समोर बसली नाही, बाजूला बसून मूठ मूठ घास घालत राहिली. बाहेर ओट्यावर नाना आणि काका बसले होते, नाना मधून मधून शिंकत होते. काका एकदा दारात येऊन म्हणाले, "पोर, तुनं भाषन चांगलं व्हतं. निरोप मातर जरा लेट उना." मला हसू आलं, पण काकू हसली नाही, म्हणून मी ते गिळलं.

"काकू, मी त्या दिवशी सांगणार होते. सुपापाशी," मी म्हटलं.

"बोलू नको," ती म्हणाली. "दळ."

मी दळलं. तळहाताला फोड आला, फुटला. काळपट पीठ जात्याभोवती पडत राहिलं आणि मी एक शब्द बोलले नाही.

उत्तम शुक्रवारी पाळकसाहेबांनी आमच्याच घराला पुन्हा भाकर करायला सांगितलं होतं. आई आणि काकूनं ती एका परातीत मळली. वर उचलली तेव्हा मागच्या रांगेतूनसुद्धा ठिपके दिसले. काका आत बसले होते, नानांच्या शेजारी. ढोलकी आणली नव्हती. नानांनी सकाळी विचारलं होतं, तेव्हा म्हणाले होते, "ईस्टरले देखू."

ताट बायकांच्या बाजूला आलं. मी रांगेत काकूच्या पलीकडे बसले होते. ती माझ्याशी आदल्या संध्याकाळपासून बोलली नव्हती. समेट झाल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही, हे मला लहानपणापासून पाठ, म्हणून मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि ताट पुढे जायची वाट पाहत खाली बघत राहिले.

ताट पुढे जाईना. काकूनं ते माझ्यासमोरच धरून ठेवलं होतं. पलीकडच्या बायका वाकून बघायला लागल्या.

"ले ना," ती कुजबुजली. अजूनही माझ्याकडे न बघता. "कितला वखत ताट धरी ठेवू?"

मी फोड फुटलेल्या हातानं तुकडा उचलला. चावला. उडदाचं एक साल दातात अडकलं. जीभ लावली असती तर निघालं असतं, पण मी लावली नाही.